मेलेल्या कोंबड्या पुराव्यात

गंगापूर रोड, नाशिक
११ जानेवारी २०२५

आदरणीय मल्हारी मामा यांस,
चंदर भोये याचा नमस्कार.

तुमच्या मोहपाड्यावर फोनला रेंज नाही. रेंजसाठी तुम्ही डोंगर चढायचा आणि मी सविस्तर बोलत राहायचे, हे बरे दिसणार नाही. म्हणून हे पत्र पेठ गाडीचे कंडक्टर गोरक्ष यांच्या हाती देत आहे.

९ फेब्रुवारीला मागणीचा कार्यक्रम ठरला आहे. तुमची मुलगी मला पसंत आहे. त्यात काहीही बदल नाही. पुढचा मजकूर वाचताना कृपया हे वाक्य लक्षात ठेवावे.

विनंती अशी की त्या दिवशी जेवणात कोंबडा करू नये. बर्ड फ्लू आला आहे. दुसऱ्या जिल्ह्यात कावळे मरून पडल्याचे बातम्यांत दाखवले. आज कावळे, उद्या कोंबड्या, परवा आपण. मागच्या साथीत सगळे बेसावध सापडले. या वेळी मी तयारीत आहे. खाटेखाली पोहे, मीठ, साबण आणि मेणबत्त्या भरून ठेवल्या आहेत. गंगापूर रोडवर झाडांखालून चालताना मी छत्री उघडतो, कारण वरून काय पडेल ते सांगता येत नाही. आमचे मालक रियाजभाई म्हणाले, "चंदर, जानेवारीत छत्री घेऊन दुकानात येतोस, गिऱ्हाईक आभाळाकडे बघत बसतं. कोंबडीला घाबरतोस का लग्नाला, एकदाचं सांगून टाक ना यार." त्यांना सगळ्यात विनोद दिसतो.

तुम्हाला माहीत आहेच की त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी मजकूर टाइप करतो. शिक्षण बारावीत अडले, पण माझ्या हातून ऱ्हस्व-दीर्घाची चूक असलेला एकही फ्लेक्स नाशकात लागलेला नाही. सांगायचे एवढेच की मी बेजबाबदार माणूस नाही.

गर्दी टाळण्यासाठी मी एकटाच येईन. आई मनमाडला बहिणीकडे आहे, तिला मीच येऊ नको म्हटले आहे. जेवणात उडदाची आमटी आणि नागलीची भाकरी असली तरी मला चालेल.

आपला नम्र,
चंदर

*

मोहपाडा, ता. पेठ
१७ जानेवारी

चि. जावईबापू चंदर यांस मल्हारी गावित यांचा आशिर्वाद.

(आबा सांगतात, मी लिहिते. — रोहिणी)

तुमचं पत्र गोरक्षनं आणून दिलं. रोहिणीनं वाचलं. मी तिला परत वाचायला लावलं, कारण मला वाटलं पोरगी चुकीचं वाचती.

पाव्हणं, आमच्या घराचा एक नीयम हाय. मागणीला आलेला पाहूणा कोंबडा खाऊन उठला, म्हंजी मुलगी घेतली. कोंबड्याला हात न लावता उठला, म्हंजी मुलगी नको. तोंडानं बोलायची रित आमच्यात नाय. तोंडानं माणूस काय बी बोलतो. माझ्या आत्याच्या मागणीला आलेल्या माणसाची दाढ दुखत होती, त्यानं नुसता रस्सा प्याला. तर चार गावचे पंच बसले, की रस्सा म्हंजी होकार का नकार. शेवटी अर्धा होकार ठरला, न् आत्याचं लगीन दोन वर्सं लांबलं. तेव्हा तुम्ही कोंबडा नको म्हणता, त्याचा आमच्याकडं काय अर्थ होतो ते समजून घ्या.

उडदाची आमटी आमच्यात दहाव्याला करतात.

तुमच्यासाठी कोंबडा राखून ठेवलाय. फौजदार नाव हाय त्याचं. पाड्यावर कोणाच्या बी दारात जाऊन दम देतो. रोहिणीची आई पुतळाबाई म्हणती, त्याला ताप आला असता तर आधी मला आला असता, दिवसभर तो माझ्याच मागं-मागं असतो. मला तर ताप नाय. सरकारनं यापेक्षा काय मोठी तपासणी करायची?

नऊ तारखेला यायचं, पोटभर खायचं.

मल्हारी गावित

(हे माझं. साठवलेले पोहे एकट्यापुरते आहेत का दोघांपुरते? सहज विचारलं.)

*

नाशिक
२२ जानेवारी

आदरणीय मामा,

तुमचे पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही. कोंबड्याला नकार म्हणजे मुलीला नकार, हे मला माहीत नव्हते. माझा मुलीला होकार आहे. त्यामुळे नाइलाजाने कोंबड्यालाही होकार आहे.

फक्त काही सूचना पाळाव्यात. फौजदाराला आजपासून वेगळे ठेवावे आणि दुसऱ्यांच्या दारात जाऊ देऊ नये. त्याची मान सरळ आहे ना, तुरा निळा पडलेला नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहावे. रस्सा खळखळून उकळावा, आणि उकळला असे वाटल्यावर पुन्हा उकळावा. मला ताट उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला वाढावे. मामींनी कोंबड्याशी बोलताना तोंडावर पदर घ्यावा.

तुमचे पत्र लाल शाईने तपासून सोबत परत करत आहे. आशीर्वाद, नियम, पाहुणा, रीत हे शब्द असे लिहितात. राग मानू नये. मी सगळ्यांचेच तपासतो. (पोहे दोघांपुरते आहेत. हे वाक्य मोठ्याने वाचू नये.)

तुमच्या पाड्यावर जागृती व्हावी म्हणून एक फ्लेक्स तयार करून पाठवत आहे. गोरक्ष यांनी तो गाडीच्या टपावर बांधून आणण्याचे कबूल केले आहे. माझ्या मनात नुसता मजकूर होता. रियाजभाई म्हणाले, "फोटो नाही तो फ्लेक्स कसला? पडदा आहे तो. लोक थांबणार कशाला?" म्हणून मध्ये कोंबड्याचा मोठा फोटो टाकला आहे. खाली तुमचा हात जोडलेला फोटो आहे, डिसेंबरात मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात काढलेला. फोटोने जागा खाल्ल्यामुळे मजकूर कमी करावा लागला, तरी मुद्दे आले आहेत. हात धुवा. घाबरू नका. मेलेल्या कोंबड्या पुराव्यात. संपर्क : मल्हारी गावित.

येण्या-जाण्याच्या वाटेवर लावावा.

चंदर

*

मोहपाडा
२९ जानेवारी

चंदरराव,

(आधी माझं. तुम्ही माझ्या पत्रात चार चुका काढल्या. पाचवी तुम्हाला दिसलीच नाही. मी ‘जावईबापू’ लिहिलं होतं. ते अजून ठरायचं आहे. आता आबा सांगतात ते लिहिते.)

फ्लेक्स लावला. पाड्याच्या तोंडाशी, दोन सागाच्या खांबांना. पहिल्या दिवशी सगळे मला विचारत होते, मल्हारी, कोणत्या निवडणुकीला उभा राहिलास? निशाणी कोंबडा मिळाली का? एक जण तर म्हणाला, मत देतो, पण आधी पाण्याच्या टाकीचं बोल.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील आले. त्यांनी चष्मा लावून सगळा फ्लेक्स वाचला न् लोकांना समजावून सांगितलं. म्हणाले, इथं काय लिहिलंय बघा, मेलेल्या कोंबड्या पुराव्यात. म्हंजी ज्याची कोंबडी मेली, त्यानं ती पुरावा म्हणून जमा करायची. कुठं? तर मल्हारीकडं. नाव न् फोटो दिलाय. पुरावा असंल त्यालाच पुढं भरपाई मिळंल.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या अंगणात रांग हाय.

आपल्या पाड्याचे आले, वरच्या पाड्याचे आले, आता नदीपलीकडचे येत्यात. एकानं पळसाच्या पानात नुसती पिसं बांधून आणली. एक म्हातारा मागच्या होळीला मेलेल्या कोंबडीची हाडं उकरून घेऊन आला. एक बाई मेलेली कोंबडी न् शेजारणीचा कुत्रा दोन्ही घेऊन आली, म्हणती हा पुरावा न् हा आरोपी. काल एक जण जित्ती कोंबडी घेऊन आला. म्हटलं, ही तर जिवंत हाय. तो म्हणतो, दोन-चार दिवसांत मरंल, तवर नंबर लावून ठेवा.

मी सांगतो, मी सरकार नाय. तर ते फोटोकडं बोट दाखवत्यात.

वास लय सुटलाय. नऊ तारखेला पाव्हणे बसवायचे कुठं? पुतळाबाई म्हणती, जावई करायच्या आधीच जावयानं घर भरून दिलं.

मल्हारी

*

नाशिक
२ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

पत्र वाचून धक्का बसला. परंतु शब्द बरोबर आहे.

‘पुरणे’ म्हणजे जमिनीत गाडणे. त्यावरून कोंबडी पुरावी, कोंबड्या पुराव्यात. मी आठवीचे व्याकरण काढून खात्री केली. ‘पुरावा’ या शब्दाशी याचा काही संबंध नाही. मूळ मजकुरात ‘खोल खड्ड्यात पुराव्यात’ असे होते. तुमचा फोटो मोठा करताना खड्डा गेला. रियाजभाईंना सांगितले तर ते खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. म्हणाले, "शब्द तुझा शंभर टक्के बरोबर आहे रे बाबा. फक्त वाचणारी माणसं मिसप्रिंट निघाली."

तरी जमा झालेले सर्व पुरावे त्वरित पुरावेत. (हे वाक्य रोहिणी यांनी सावकाश वाचावे.) खड्डा कमरेइतका खोल घ्यावा, वर चुना टाकावा, हाताला प्लॅस्टिक बांधावे, आणि काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. साबणाची पेटी गोरक्ष यांच्याकडे देत आहे.

एक कळकळीची विनंती. फ्लेक्सवर कोणीही हाताने दुरुस्ती करू नये. अर्धवट माहितीवर केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट असते, आणि इथे तर मूळ चूकही नाही.

आता अंगणात एवढ्या कोंबड्या जमल्या आहेत म्हटल्यावर मी तसाच येणे शक्य नाही. पूर्ण तयारीने येईन. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पांढरा पोशाख मागवला आहे. शिवाय मोठा चष्मा, मास्क आणि कोपरापर्यंत हातमोजे. जेवणापुरता मास्क कसा काढायचा, यावर विचार चालू आहे. तुम्ही मला ओळखता, त्यामुळे पोशाख पाहून कोणी घाबरायचा प्रश्न नाही.

मी कोंबडा खाणार आहे. हे पंचांनाही सांगून ठेवावे.

चंदर

*

मोहपाडा
६ फेब्रुवारी

चंदरराव,

हे पत्र आबांचं नाही, माझंच आहे. घाईत लिहिते. चुका नंतर काढा.

तुमचं पत्र वाचून आबांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं की पुराव्यात म्हणजे गाडाव्यात. ते ग्रामपंचायतीच्या भिकन शिपायानं ऐकलं. त्याला वाटलं, एवढा घोळ झाला म्हणजे फ्लेक्सवर शब्दच चुकला असणार, एखादं अक्षर राहिलं असणार. त्यानं कोणाला न विचारता काळा रंग घेतला आणि मध्ये एक ‘व’ घुसवला. आता तिथं आहे, ‘मेलेल्या कोंबड्या पुरवाव्यात. संपर्क : मल्हारी गावित.’

नऊ तारखेला आमच्याकडं जेवण आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत. वरून हा बोर्ड. माझ्या मामांनी निरोप पाठवलाय, मेलेल्या कोंबड्या गोळा करून पाहुण्यांना वाढणार असाल तर आम्ही येत नाही. आबा तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. ते म्हणतात, मागणी मोडली तरी चालेल, पण ही बदनामी माझ्यानं सोसवत नाही. मी म्हटलं, मला चालणार नाही. मग आई माझ्याकडं बघतच राहिली.

अजून एक. पांढऱ्या कपड्यातली माणसं तालुक्याहून येणार आणि जिवंत कोंबड्यासुद्धा पोत्यात भरून नेणार, अशी हूल उठली आहे. सगळा पाडा रस्त्याकडं डोळे लावून आहे.

म्हणून हात जोडून सांगते. तो पोशाख घालू नका. साधा शर्ट घालून माणसासारखे या.

रोहिणी

*

नाशिक
११ फेब्रुवारी
रजिस्टर पोस्टाने

मोहपाड्यावर जो कोणी हयात असेल त्यास,

मी चंदर भोये. हे पत्र पोस्टाने पाठवत आहे, कारण गोरक्ष यांना त्या बाजूला पाठवण्याचा धोका मी पत्करणार नाही. तसेही ते मला आठवडाभर भेटलेले नाहीत.

नऊ तारखेला मी फाट्यावर उतरलो. शेडच्या मागे पोशाख चढवला आणि पाड्याकडे निघालो. वाटेत फ्लेक्स दिसला. कोणीतरी माझ्या शब्दात ‘व’ घातला होता. परंतु पुढचे दृश्य असे होते की मला त्याचेही काही वाटले नाही. यावरून माझी अवस्था समजावी.

पाड्यावर एकही माणूस नव्हता. घरे सताड उघडी. चुली पेटलेल्या. वाटेत एकेकट्या चपला पडलेल्या. मामांच्या घरात तव्यावर भाकरी होती, ती करपू लागली होती म्हणून मी उलटली. अंगणात एक पीस सोडले तर कोंबडी औषधालाही नव्हती. मी "मामा, मामा" अशा हाका मारल्या, पण मास्कमधून आवाज बाहेर जात नव्हता. मास्क काढायची हिंमत झाली नाही. मी समजलो. साथ माझ्या आधी पोहोचली होती. कोणाला गाडीत घालून नेले असेल, कोणाला कुठे, काही कळायला मार्ग नव्हता.

मी थोडा वेळ ओट्यावर बसलो. मग फाट्याकडे परत निघालो. तिथे एका जीपवाल्याने मला पुढे बसवून घेतले नाही, मागे शेळ्यांत बसवले. रेंज आल्यावर मी एका मदत क्रमांकावर फोन केला. बाईंनी विचारले, "किती पक्षी मेलेत?" मी म्हटले, "तिथे एकही पक्षी नाही. एकही माणूस नाही." त्या म्हणाल्या, "मग तक्रार काय आहे?" मी फोन ठेवून दिला.

मागच्या साथीत माझे वडील गेले. त्यांचा देह ताब्यात घ्यायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा पिशवीची चेन उघडू दिली नाही. वर नावाची चिठ्ठी होती. ‘भोये’च्या जागी ‘भोय’ लिहिले होते. मी म्हटले, नाव चुकले आहे. ते म्हणाले, मागे रांग आहे. मी ज्यांना अग्नी दिला ते माझे वडीलच होते की दुसऱ्या कोणाचे, हे मी अजून खात्रीने सांगू शकत नाही. आईला हे माहीत नाही.

म्हणून विनंती आहे. मल्हारी गावित यांची मुलगी रोहिणी हिला कोणी पाहिले असेल तर कळवावे. आजारी असेल तरी कळवावे, मी येईन. आणि तिचे नाव कुठे लिहायची वेळ आलीच, तर ‘ह’ला पहिली वेलांटी आणि ‘ण’ला दुसरी. रोहिणी. लोक हमखास उलटे लिहितात.

चंदर भोये
(‘य’वर एक मात्रा आहे.)

*

मोहपाडा
१६ फेब्रुवारी

चंदर,

आम्ही सगळे हयात आहोत. कोंबड्यासुद्धा.

माझं सहा तारखेचं पत्र गोरक्षच्या खिशातच राहिलं. त्याची ड्यूटी दुसऱ्या गाडीवर लागली होती. त्याच पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं, पांढऱ्या कपड्यांना पाडा घाबरलाय, साधा शर्ट घाला.

त्या दिवशी वरून कोणीतरी ओरडलं, "आले, आले, पांढरे आले!" जो तो आपापल्या कोंबड्या काखेत मारून करवंदीच्या जाळीत शिरला. आबांनी दोन कोंबड्या शर्टात घातल्या आणि वरून बटणं लावली. आईनं मेथीची टोपली घेतली, कोंबड्या समजून. फौजदार माझ्या ओढणीत होता, त्याची चोच मी मुठीत धरून ठेवली होती. आम्ही सगळे तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतो.

तुम्ही घराघरात डोकावत होतात. आबा हळूच म्हणाले, "एकच माणूस पाठवलाय. बाकीचे गाडीत लपलेले असणार." मग तुम्ही आमच्या घरात शिरलात आणि चुलीवरची भाकरी उलटलीत. आई म्हणाली, "अगं बाई, हा कसला सरकारी माणूस? भाकरी उलटतोय." आबा म्हणाले, "गप. कोंबड्या मिळंना म्हणून भाकरी खाईल आता."

मग तुम्ही ओट्यावर बसलात. खिशातून बाटली काढून हातमोज्यांना सॅनिटायझर चोळलं. नंतर डोळे पुसायला हात वर नेलात, तर चष्मा आडवा आला. तुम्ही तो चष्माच पुसत राहिलात. बाहेरून. तेव्हा मला कळलं की हे तुम्ही आहात. मी उठले तर आबांनी पाय धरून ओढलं. माझा हात सुटला, फौजदार ओरडत पळाला, त्याच्यामागं आई पळाली. तो गोंधळ निस्तरून मी फाट्यावर पळत आले, तर तुम्ही शेळ्यांच्या मध्ये बसून निघून गेला होतात. मी हाक मारली. एक शेळी फक्त वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर खरोखर आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साध्या गाडीवर, एकटेच. त्यांना कोणी घाबरलंच नाही. आल्या आल्या चहा दिला. त्यांनी नमुने नेले. काल परत येऊन सांगितलं, बर्ड फ्लू नाही, कोंबड्यांचा दरवर्षीचा मानमोडी रोग आहे. कोंबड्यांना लस टोचून गेले. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी आधी आम्हाला कळवा, आणि मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातानं शिवू नका, ते मात्र तुमच्या जावयाचं बरोबर आहे. आबांनी मान डोलावली. ‘जावई’ शब्दाला कोणी हरकत घेतली नाही.

भिकनला तो ‘व’ खरवडून काढायला सांगितलं. त्यानं खरवडताना मागचं-पुढचं पण काढलं. आता नुसतं ‘मेलेल्या कोंबड्या व्यात’ एवढं राहिलंय. त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही, त्यामुळे गावात शांतता आहे.

मागणीचं म्हणाल तर पंच दोन दिवस बसले. पाहुणा आला, पण त्यानं कोंबडा खाल्ला नाही. नाकारलाही नाही, कारण कोंबडाच जाळीत होता. माझे मामा म्हणाले, उंबऱ्याच्या आत येऊन न जेवता गेला म्हणजे नकार. आबा म्हणाले, यजमान जाळीत लपला असताना पाहुण्यानं जेवावं कसं? शेवटी ठरलं की हे आलेलं धरायचं नाही. पुन्हा बोलवायचं. पण या वेळी जे होईल ते शेवटचं. तुम्ही कोंबडा खाल्लात तर हो. नाहीतर माझ्या मामांनी पलीकडच्या खोऱ्यातलं एक स्थळ आणलंय. तो काहीही खातो.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही. आबांनी विचारलं, काय लिहिलंय एवढं? म्हटलं, माझं नाव कसं लिहायचं ते. ते म्हणाले, त्याला दुसरा धंदा नाय का? आणि मग बराच वेळ बाहेर जाऊन बसले.

तुमच्या वडिलांचं वाचलं. आलात की विचारीन, ते कसे दिसायचे.

मी फौजदाराला वाचवणार नाही, तो शिजणारच आहे. मीच शिजवीन, तुम्ही म्हणाल तितकं उकळीन. तरी भीती वाटली तर पहिला घास मी खाते. तुम्ही घड्याळ लावून समोर बसा. मला काही झालं नाही, अशी खात्री पटली की मग खा. पंचांना मी सांगून ठेवते, उशीर झाला तरी कोणी उठायचं नाही.

दोन मार्च, रविवार. तोंड उघडं ठेवून या. डिसेंबरात तुम्ही सगळा वेळ खाली बघत होता, आणि त्या दिवशी मला नुसता वाफ धरलेला चष्मा दिसला.

रोहिणी
(पहिली वेलांटी, मग दुसरी. बरोबर?)

*

नाशिक
२१ फेब्रुवारी

प्रिय रोहिणी,

बरोबर.

तुमचे पत्र दुकानात मिळाले. तिथेच वाचले. रियाजभाईंनी विचारले, "काय रे, कोण गेलं?" मी म्हटले, "कोणीच नाही." मग मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. त्यांनी काही विनोद केला नाही. शटर अर्धे ओढले आणि पाणी आणून दिले.

आई मनमाडहून येत आहे. तिला सोबत आणतो. रियाजभाई गाडी घेऊन येतो म्हणतात. तुमच्या मामांना सांगावे की माणसे तीन आहेत आणि तिघेही रंगीत कपड्यात असतील.

माझी भीती गेलेली नाही. खोटे लिहीत नाही. हात धुवायला साबण आणीन आणि सगळ्यांना धुवायला लावीन, पंचांनासुद्धा. पोशाख मात्र दुकानाच्या माळ्यावर टाकला आहे. मास्क लावून जेवता येते का, हे मी काल खोलीवर वरणभातावर तपासून पाहिले. येत नाही. तेव्हा तो काढावाच लागेल.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी दोन दिवस अडलो होतो. तुम्ही पहिला घास खायचा आणि मी समोर बसून तुम्हाला काही होते का ते पाहायचे. असे बसणे मला जमणार नाही. ती दुरुस्ती तेवढी करून घ्यावी.

पहिला घास मी खाईन. घड्याळ तुम्ही धरा. फार वेळ धरू नका, भाकरी गार होते.

तुमचा,
चंदर